तिऱ्हाइताची वही : ठगांच्या वंशावळींपासून मोबाइलमधल्या कुकीपर्यंत

मराठीत ‘तिऱ्हाईत’ हा मोठा नेमका शब्द आहे. दोघांच्या व्यवहारात ज्याचा काही संबंध नाही, तो तिसरा म्हणजे तिऱ्हाईत. भांडण मिटवायला तिऱ्हाईत चालतो, साक्षीलाही चालतो. पण घरातली गोष्ट तिऱ्हाइतापुढे बोलू नये, ही शिकवण आपल्याकडे लहानपणीच मिळते. संगणकाच्या जगात ज्याला ‘थर्ड पार्टी कुकी’ म्हणतात, तिला ‘तिऱ्हाइताची कुकी’ म्हटले की निम्मा अर्थ तिथेच उलगडतो. आपण एका संकेतस्थळावर जातो. तिथे आपल्याला न दिसणारा कोणी तिसरा आपली नोंद घेतो. दुसऱ्या, तिसऱ्या, दहाव्या संकेतस्थळावरही तोच बसलेला असतो. दहा ठिकाणच्या दहा नोंदी तो एका धाग्यात ओवतो.

हा विषय अमेरिकेतल्या कंपन्यांचा आणि युरोपातल्या कायद्यांचा आहे, असे समजून आपण तो बाजूला ठेवतो. वास्तविक त्याचा गाभा धाराशिव जिल्ह्याला नवा नाही. माणसांच्या नोंदी ठेवणे जुनेच आहे. पण ठिकठिकाणच्या सुट्या नोंदी तिऱ्हाइताने एकत्र बांधल्या की त्या नोंदींचा स्वभाव बदलतो, आणि ज्याच्याबद्दल त्या आहेत त्याला ते कळतही नाही. आपल्या भागाने हे एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकांत दोनदा अनुभवले आहे. तो इतिहास आधी पाहू, म्हणजे कुकीचे काय करायचे हे ठरवणे सोपे जाईल.

सुट्या वह्यांचा मुलूख

जुन्या समाजात खासगीपण नव्हते, सगळ्यांना सगळ्यांचे ठाऊक असायचे, असे सरसकट म्हटले जाते. ते अर्धेच खरे आहे. आपल्या नोंदी अनेकांकडे होत्या, पण त्या सुट्या होत्या.

नाशिक-त्र्यंबकेश्वरला गेल्यावर गाव आणि आडनाव सांगितले की तीर्थोपाध्याय आपल्या कुळाची वही काढतात. पणजोबा कोणत्या साली आले, सोबत कोण होते, हे त्यात सापडते. दक्षिण महाराष्ट्रात आणि कर्नाटकाच्या सीमेवर हेळवी दारी येऊन घराण्याची वंशावळ वाचून दाखवत. किराणा दुकानदाराकडे उधारीची वही असे, पाटील-कुलकर्ण्यांकडे जमिनीचे दप्तर, वैद्याला दुखणे ठाऊक असे. पण उपाध्यायांच्या वहीला दुकानदाराची बाकी माहीत नव्हती आणि दुकानदाराच्या वहीला घरातले आजारपण माहीत नव्हते. वही ठेवणारा माणूस ओळखीचा होता, ती कशासाठी ठेवली आहे हे माहीत होते, आणि बहुधा ती आपल्या तोंडावर वाचली जाई.

हा काळ सोन्याचा होता असे मुळीच नाही. सावकाराची वही ओळखीच्याच माणसाची होती, तरी तिने कुणब्याला नागवले. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांची घरे-दुकाने गाठली ती मुख्यतः कर्जरोखे आणि हिशेबाचे कागद हस्तगत करून जाळण्यासाठी. हा उठाव इतिहासात ‘दख्खनचे दंगे’ म्हणून नोंदला गेला आणि १८७९ साली सरकारला दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी वेगळा कायदा करावा लागला. म्हणजे ओळखीच्या माणसाची वहीही जुलमी होऊ शकते. पण निदान कोणती वही जाळायची, हे सुप्याच्या शेतकऱ्यांना माहीत होते. तिऱ्हाइताच्या वहीचा पत्ताच लागत नाही.

तुळजापूरचा टेलर, सागरचा स्लीमन

फिलिप मेडोज टेलर हे नाव धाराशिव-नळदुर्गच्या इतिहासप्रेमींना नवे नाही. १८०८ साली लिव्हरपूलला जन्मलेला हा तरुण पंधराव्या वर्षी मुंबईच्या एका व्यापाऱ्याकडे नोकरीसाठी आला. तिथे जमले नाही, म्हणून निजामाच्या फौजेत शिरला. १८२०च्या दशकाच्या उत्तरार्धात संस्थानाच्या नैर्ऋत्य भागात तो पोलीस अधिकारी होता आणि त्याचा मुक्काम तुळजापूरला असे. पुढे १८५३ च्या तहाने नळदुर्ग-धाराशिवचा मुलूख इंग्रजांकडे आला, तेव्हा तोच या भागाचा डेप्युटी कमिशनर म्हणून नळदुर्गला परत आला. १८६० च्या तहाने हा मुलूख पुन्हा निजामाकडे गेला. टेलरच्या ‘तारा’ या कादंबरीतले तुळजापूर ज्यांनी वाचले आहे, त्यांना या माणसाची आपल्या मातीशी असलेली ओळख माहीत आहे.

टेलरच्या पहिल्या मुक्कामातली एक गोष्ट आपल्या विषयाची आहे. रस्त्यांच्या कडेला प्रवाशांची प्रेते सापडत, पण मारणारे सापडत नसत. त्याने चौकशी सुरू केली होती, इतक्यात त्याला पलटणीत परत बोलावण्यात आले. ठगीचा उलगडा आपल्या हातून व्हायचा तो विल्यम स्लीमनच्या हातून झाला, ही खंत त्याने आपल्या आत्मचरित्रात मांडली आहे. हे आत्मचरित्र त्याच्या मृत्यूनंतर १८७७ साली निघाले. १८३२ साली सागरहून माफीचे साक्षीदार निजामाच्या मुलखात पाठवण्यात आले, त्यांच्यापैकी एकाशी टेलरचा परिचय झाला. त्याच्या जबान्यांच्या आधारे टेलरने १८३९ साली ‘ठगाची जबानी’ म्हणून मराठीत ओळखली जाणारी इंग्रजी कादंबरी लिहिली.

स्लीमनला जे जमले ते टेलरला का जमले नव्हते? उत्तर वहीत आहे. ठग म्हणून ज्यांना पकडले जाई, ते एका राज्यात गुन्हा करून दुसऱ्यात जात. प्रत्येक संस्थानाची, प्रत्येक ठाण्याची नोंद आपल्या हद्दीपाशी संपत असे. स्लीमनने त्या हद्दी कागदावर पुसून टाकल्या. पकडलेल्यांना माफी देऊन साक्षीदार केले, त्यांच्याकडून सोबत्यांची, नातलगांची, वाटांची नावे घेतली. वेगवेगळ्या ठिकाणी घेतलेल्या जबान्या एकमेकींशी ताडून पाहिल्या. घराण्यांच्या वंशावळी काढल्या. त्यांच्या सांकेतिक बोलीचा कोश १८३६ साली छापला. जबलपूरच्या कचेरीत बसून तुळजापूरच्या रस्त्यावरचा माणूस कुणाचा कोण, हे सांगता येऊ लागले.

यातून खरे खुनी पकडले गेले, हे नाकारता येत नाही. पण त्याच वर्षी झालेला १८३६ चा तिसावा कायदा पाहा. अमुक माणसाने अमुक खून केला, हे सिद्ध करण्याची गरज या कायद्याने ठेवली नाही. तो कधीकाळी ठगांच्या टोळीत होता, मग ते कंपनीच्या मुलखात असो वा बाहेर, एवढे सिद्ध झाले की सक्तमजुरीसह जन्मठेप. ‘काय केले’ या प्रश्नाची जागा ‘कुणाबरोबर होता’ या प्रश्नाने घेतली. आणि कुणाबरोबर होता हे सांगणारी वही सरकारची होती, तिच्यातली बहुतेक माहिती माफीच्या साक्षीदारांनी आपला जीव वाचवण्यासाठी दिलेली होती. ठगी जेवढी मोठी दाखवली गेली तेवढी ती होती का, यावर आजही अभ्यासकांत वाद आहे. त्याचे एक कारण हेच की जवळजवळ सगळा पुरावा त्या एकाच वहीत आहे.

आणखी एक तपशील. शिक्षा झालेल्या ठगांच्या कपाळावर गोंदण करण्याची पद्धत होती. अशी गोंदणाची शिक्षा १८४९ साली बंद झाली. तोपर्यंत माणूस कुठेही गेला तरी तिऱ्हाइताने त्याच्यावर केलेली खूण त्याच्याबरोबर जाई आणि ती वाचणाऱ्याला वाचता येई. ही खूण पुढे कुकीच्या संदर्भात लक्षात ठेवावी.

हजेरी

ठगीच्या खात्यातून वही उतरली ती जातींवर. १८७१ साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. आधी तो उत्तर हिंदुस्थानात लागू झाला आणि १९११ च्या कायद्याने सगळ्या ब्रिटिश मुलखात पसरला. ज्या जमातीला सरकार गुन्हेगार ठरवील तिच्या माणसांची नावे नोंदवायची, त्यांनी ठरल्या वेळी हजेरी द्यायची, गाव सोडताना परवाना घ्यायचा. १९११ मध्ये बोटांचे ठसेही घेण्याची तरतूद आली. ठशांचे पहिले कार्यालय कोलकात्यात १८९७ सालीच निघाले होते. नाव बदलता येते, गाव बदलता येते, पण बोट बदलता येत नाही, हा त्यामागचा हिशेब.

निजामाच्या हैदराबाद संस्थानानेही असाच नोंदणीचा कायदा केला. तेव्हाचा उस्मानाबाद जिल्हा त्याखाली होता. शेजारच्या सोलापुरात तारेच्या कुंपणातली वसाहतच उभी राहिली. त्या भागाला आजही ‘सेटलमेंट’ म्हणतात. लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ हे १९८७ चे आत्मकथन मराठी वाचकांना माहीत आहे, १९८८ साली त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. गायकवाड लातूर तालुक्यातल्या धनेगावचे. लातूर १९८२ पर्यंत उस्मानाबाद जिल्ह्यातच होते. म्हणजे त्या पुस्तकातला पोलिसांचा ससेमिरा हा आपल्याच जिल्ह्याचा इतिहास आहे. ज्याने आयुष्यात काही केले नाही, त्याच्याही दारात पोलीस येत, कारण वहीत त्याच्या जमातीचे नाव होते.

३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला. त्या दिवसाची आठवण ‘विमुक्त दिन’ म्हणून ठेवली जाते. पण कायदा गेला तरी वहीची सवय गेली नाही. मुंबई राज्याने १९५९ साली सराईत गुन्हेगारांचा कायदा केला, तेव्हा मराठवाडा त्या राज्यात आलेला होता. पारधी वस्तीजवळ चोरी झाली की आधी कुणाला उचलतात, हे कळंब-भूमकडच्या माणसाला वेगळे सांगायला नको.

या दोन्ही प्रकरणांतून तीन गोष्टी हाती लागतात. एक, वही हद्द ओलांडते. दोन, ती माणसाची कृती सोडून त्याचा गट पाहू लागते. तीन, नोंद झालेल्याला ती पाहण्याची, दुरुस्त करण्याची सोय नसते. आता कुकीकडे वळू.

चांगल्या हेतूची कुकी

१९९४ साली अमेरिकेतल्या नेटस्केप कंपनीत लू माँटुली हा तरुण अभियंता ब्राउझरवर काम करत होता. अडचण अशी होती की वेबला स्मरणच नव्हते. तुम्ही एक पान मागितले, ते मिळाले, व्यवहार संपला. पुढचे पान मागणारा तोच माणूस आहे की दुसरा, हे संकेतस्थळाला कळत नसे. दुकानातल्या टोपलीत एक वस्तू टाकावी आणि दुसरी घ्यायला वळावे तोवर टोपली रिकामी, अशी ती गत. माँटुलीने तोडगा काढला : संकेतस्थळाने ब्राउझरला एक छोटी चिठ्ठी द्यायची, ब्राउझरने ती जपून ठेवायची आणि त्या संकेतस्थळाकडे पुन्हा जाताना दाखवायची. हीच कुकी. चिठ्ठीवर बहुधा नुसता एक क्रमांक असतो. चप्पल स्टँडवर मिळणाऱ्या बिल्ल्यासारखा.

ही कुकी दुकानदाराच्या वहीसारखी आहे. दोघांतला व्यवहार, दोघांतली आठवण. चिठ्ठी ज्याने दिली त्यालाच ती परत दाखवली जाते. माँटुलीने हा नियम ठेवला तो एका संकेतस्थळाची नोंद दुसऱ्याला दिसू नये म्हणूनच.

पण एक फट राहिली. वेबचे पान हे एका ठिकाणाहून येत नाही. मजकूर एकीकडून, चित्र दुसरीकडून, जाहिरात तिसरीकडून असे ते जुळवलेले असते. समजा तुम्ही बातम्यांचे पान उघडले. त्यातली जाहिरातीची चौकट एका जाहिरात कंपनीच्या संगणकावरून आली. चौकट मागताना तुमच्या ब्राउझरने त्या कंपनीला कळवले की ती कोणत्या पानासाठी हवी आहे, आणि कंपनीने तुम्हाला आपली चिठ्ठी दिली. मग तुम्ही औषधांचे पान उघडले. तिथेही त्याच कंपनीची चौकट आहे. ‘ज्याने चिठ्ठी दिली त्यालाच ती दाखवायची’ हा नियम पाळूनच ब्राउझरने तीच चिठ्ठी दाखवली. आता कंपनीच्या वहीत त्या क्रमांकापुढे दोन नोंदी झाल्या. ना बातम्यांच्या पानाला औषधांचे कळले, ना औषधांच्या पानाला बातम्यांचे. कळले ते फक्त तिऱ्हाइताला. कपाळावरच्या खुणेपेक्षा ही खूण एका बाबतीत पुढची आहे : ज्याच्याजवळ ती असते त्यालाही ती दिसत नाही.

हा धोका लगेच ओळखला गेला होता. फेब्रुवारी १९९७ मध्ये इंटरनेटची मानके ठरवणाऱ्या मंडळींनी कुकीचे पहिले मानक प्रसिद्ध केले, त्याच्या लेखकांत स्वतः माँटुलीही होता. वापरणाऱ्याने मुद्दाम परवानगी दिल्याशिवाय ब्राउझरने तिऱ्हाइतांच्या कुकी घेऊ नयेत, असे त्यात स्पष्ट म्हटले होते. त्या वेळच्या मोठ्या ब्राउझरांनी ते ऐकले नाही. जाहिरातींचा धंदा तोवर त्याच फटीवर उभा राहू लागला होता.

त्यातली सर्वांत मोठी कंपनी डबलक्लिक. १९९९ साली तिने ॲबॅकस डायरेक्ट ही कंपनी विकत घेतली. टपालाने माल मागवणाऱ्या अमेरिकी कुटुंबांची नावे, पत्ते आणि खरेदी ॲबॅकसकडे होती. कुकीचा निनावी क्रमांक आणि ॲबॅकसमधले नाव-गाव एकत्र जोडण्याचा बेत होता. त्यावर गदारोळ झाला, चौकशी लागली आणि मार्च २००० मध्ये कंपनीने बेत मागे घेतला. पुढे २००८ साली डबलक्लिक गूगलची झाली. या प्रकरणाने एक गोष्ट दाखवून दिली. ‘आमच्याकडे नाव नाही, नुसता क्रमांक आहे’ हे आश्वासन फार काळ टिकणारे नसते. दहा ठिकाणांपैकी एका ठिकाणी जरी आपण मोबाइल क्रमांक भरला, तरी बाकीच्या नऊ नोंदींना नाव चिकटू शकते.

परंड्याचा शेतकरी आणि तीन पाने

आता हे आपल्या जिल्ह्यात आणून पाहू. समजा परंडा तालुक्यातला एक शेतकरी सकाळी मोबाइलवर सोयाबीनचा भाव पाहतो. दुपारी आईच्या मधुमेहाच्या औषधाची किंमत शोधतो. रात्री पीककर्ज थकले तर बँक काय करते, हे वाचतो. तिन्ही पाने वेगळी, तिन्हींत लपवण्यासारखे काही नाही. पण तिन्हींवर तोच तिऱ्हाईत असेल तर त्याच्या वहीत एक माणूस तयार होतो : पीक विकायच्या घाईत, घरात आजारपण, कर्जाच्या काठावर. हे चित्र त्याने कुणालाच सांगितलेले नाही. बायकोलाही नाही. पण घाईच्या कर्जाची जाहिरात कुणाला दाखवावी, हे ज्याला ठरवायचे आहे त्याच्यासाठी हे चित्र मोलाचे आहे.

आपल्याकडे बहुतेकांचे इंटरनेट म्हणजे मोबाइल. ॲपमध्ये कुकीचे काम बऱ्याच अंशी ‘जाहिरात क्रमांक’ करतो. फोनगणिक एक क्रमांक असतो आणि वेगवेगळी ॲप तो वाचू शकतात. नाव वेगळे, वही तीच. कर्ज देणारी काही ॲप तर कर्जदाराच्या फोनमधली सगळी नावे-क्रमांक उचलत आणि वसुलीसाठी नातेवाइकांना फोन करत. शेवटी २ सप्टेंबर २०२२ रोजी रिझर्व्ह बँकेने अशा ॲपना फोनमधले संपर्क, फायली आणि कॉलच्या नोंदी घ्यायला मनाई केली.

इथे तुलनेची मर्यादाही सांगितली पाहिजे. जाहिरात कंपनी कुणाला जन्मठेप देत नाही, हजेरीला बोलावत नाही. जाहिरातींमुळे आपल्याला कितीतरी बातम्या आणि माहिती फुकट मिळते, हेही खरे. हजेरीच्या वहीने माणसांच्या पिढ्या उद्ध्वस्त केल्या, त्या दुःखाशी कुकीची बरोबरी करणे योग्य होणार नाही. पण वहीची घडण पाहिली तर ती तीच आहे. हद्द ओलांडणारी, माणसाला गटात टाकणारी, आणि नोंद झालेल्याला न दिसणारी. अशी वही आज जाहिरातीसाठी असली तरी उद्या ती कुणाच्या हातात पडेल, हे ती भरणाऱ्याच्याही हातात नसते.

न्यायालयाची दोन उत्तरे

नागरिकाचा असा पाठलाग करता येतो का, हा प्रश्न आपल्या सर्वोच्च न्यायालयापुढे पहिल्यांदा ठळकपणे आला तो पोलिसांच्या वहीतूनच. उत्तर प्रदेशातल्या खडकसिंह यांच्यावर दरोड्याचा आरोप होता. पुराव्याअभावी ते सुटले, पण पोलिसांनी त्यांचे नाव पाळतीच्या वहीत ठेवले आणि रात्री-अपरात्री घरी येऊन दार वाजवू लागले. डिसेंबर १९६२ मध्ये न्यायालयाने रात्रीच्या भेटी घटनाबाह्य ठरवल्या. मात्र बहुमताने असेही म्हटले की खासगीपणाचा हक्क आपल्या घटनेत दिलेला नाही.

हे उत्तर बदलायला पंचावन्न वर्षे लागली. दरम्यान २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात देशातले पहिले आधार क्रमांक देण्यात आले. सगळ्या वह्यांना जोडू शकेल असा एक क्रमांक प्रत्येकाला मिळू लागला आणि त्याविरुद्धच्या याचिकांतून खासगीपणाचा प्रश्न पुन्हा उभा राहिला. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खासगीपण हा मूलभूत हक्क असल्याचे सांगितले आणि खडकसिंह प्रकरणातले विरुद्ध मत रद्द केले. या खंडपीठात धनंजय चंद्रचूड आणि शरद बोबडे हे मराठी न्यायमूर्तीही होते. पुढच्या वर्षी आधारच्या निकालात खासगी कंपन्यांना आधार वापरू देणारी तरतूद बऱ्याच अंशी रद्द झाली. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी याच न्यायालयाने तुरुंगांच्या नोंदवह्यांतला जातीचा रकाना काढून टाकण्याचा आदेश दिला. १८७१ ची सावली एका रकान्यापुरती तरी हटली.

संगणकातल्या नोंदींसाठी न्यायमूर्ती श्रीकृष्ण समितीने २०१८ साली अहवाल दिला आणि २०२३ साली डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले आणि मुख्य तरतुदी अमलात आणण्यासाठी कंपन्यांना अठरा महिन्यांची मुदत मिळाली. या कायद्यात कुकी हा शब्द शोधत बसू नये. पण त्यातल्या तीन गोष्टी आपल्या कामाच्या आहेत. माहिती घ्यायची असेल तर संमती मोकळी, नेमकी आणि स्पष्ट कृतीने दिलेली हवी. संमतीची सूचना आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत, म्हणजे मराठीतही, मिळण्याची सोय हवी. आणि अठरा वर्षांखालच्या मुलांचा पाठलाग करणे व त्यांच्यावर नेम धरून जाहिराती करणे याला मनाई आहे. कायद्यात सरकारी यंत्रणांना मोठ्या सवलती आहेत, ही त्याची कमकुवत बाजू आहे. हजेरीचा इतिहास माहीत असणाऱ्याने तिकडे डोळेझाक करू नये.

संमती म्हणजे काय, यावर युरोपने एक धडा दिला आहे. तिथे पानावर ‘कुकी मान्य’ अशी खूण आधीच करून ठेवलेली असे. १ ऑक्टोबर २०१९ रोजी युरोपच्या न्यायालयाने सांगितले की दुसऱ्याने आधीच केलेली खूण ही संमती नव्हे. कोऱ्या कागदावर घेतलेला अंगठा म्हणजे काय, हे ज्या मुलखाला माहीत आहे त्याला हा निकाल समजावून सांगावा लागणार नाही.

वह्या पुन्हा सुट्या करणे

कायदा सावकाश चालतो. दरम्यान काही ब्राउझरांनी फट बुजवली. ॲपलच्या सफारीने मार्च २०२० पासून तिऱ्हाइतांच्या कुकी सरसकट बंद केल्या. फायरफॉक्सने २०२२ पासून वेगळी युक्ती सर्वांना चालू करून दिली : प्रत्येक संकेतस्थळासाठी कुकीची वेगळी बरणी. तिऱ्हाइताने बातम्यांच्या पानावर दिलेली चिठ्ठी औषधांच्या पानावर दिसतच नाही, तिथे त्याला तुम्ही नवखेच वाटता. उपाध्यायांची वही उपाध्यायांपाशी आणि दुकानदाराची दुकानदारापाशी, अशी ही जुनीच व्यवस्था झाली. विसरायला कुणालाच सांगितलेले नाही. फक्त जोडायला मनाई आहे.

क्रोम हा आपल्याकडे सर्वाधिक वापरला जाणारा ब्राउझर. त्याच्या मालकाने, म्हणजे गूगलने, जानेवारी २०२० मध्ये दोन वर्षांत या कुकी बंद करू असे जाहीर केले. मुदत तीनदा पुढे ढकलली, आणि शेवटी बेत सोडून दिला. ज्याचा मुख्य धंदा जाहिरातीचा, त्याच्याच हातात कुंपणाची किल्ली असली की असे होते. बंद करण्याची सोय क्रोममध्ये आहे, पण ती आपण स्वतः शोधून चालू करावी लागते.

पाठलाग करणारेही थांबलेले नाहीत. कुकी पुसता येते हे दिसल्यावर त्यांनी यंत्राचा ‘ठसा’ घ्यायला सुरुवात केली. पडद्याचा आकार, फोनचे मॉडेल, भाषा, अक्षरांचे साचे अशा बारीक खुणा एकत्र केल्या की तो फोन बऱ्याचदा लाखांत ओळखू येतो. या तंत्राचे इंग्रजी नावही बोटांच्या ठशांवरूनच आले आहे. पुसता येणाऱ्या खुणेकडून न पुसता येणाऱ्या खुणेकडे जाण्याची १८९७ ची वाट शंभर वर्षांनी पुन्हा तशीच चालली गेली.

मग सामान्य माणसाने काय करावे? ब्राउझरच्या सेटिंगमध्ये जाऊन तिऱ्हाइतांच्या कुकी बंद कराव्यात. अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये जाहिरातींच्या विभागात आपला जाहिरात क्रमांक पुसून टाकता येतो, तो पुसावा. ‘सर्व मान्य’ या मोठ्या बटणाशेजारी ‘नाकारा’ असे लहान बटण असेल, तर ते दाबायला एक क्षण जास्त द्यावा. टॉर्चचे ॲप संपर्क मागत असेल तर का, हे विचारावे. एवढ्याने पाठलाग संपणार नाही, पण वही अर्धवट राहील.

यापुढचे काम एकट्याने होणारे नाही. कायद्याने मराठीत सूचना मिळण्याची सोय दिली आहे, पण जी मागितली जात नाही ती सोय कागदावरच राहते. ग्राहक पंचायतींनी, शाळांनी, गावातल्या सेवा केंद्रांनी ती मागायला शिकवले पाहिजे. आपली कोणती माहिती घेतली, कशासाठी घेतली आणि कुणाला दिली, हे तीन प्रश्न मराठीत विचारता आले पाहिजेत आणि त्यांचे उत्तर मराठीत आले पाहिजे. सुप्याच्या शेतकऱ्यांनी १८७५ साली कागद जाळले, कारण ते वाचण्याचा आणि तपासण्याचा दुसरा मार्ग त्यांच्याकडे नव्हता. आपल्याकडे तो आता आहे. आधी वही उघडून पाहायला मागू या.